पुठ्ठ्याच्या आतली पुस्तकं: जुन्या बांधणीत सापडणारी मध्ययुगीन हस्तलिखितं

इंग्लंडच्या सफोक परगण्यात हंटिंगफील्ड नावाची जहागीर होती. सोळाव्या शतकात तिथल्या जमिनीजुमल्याच्या नोंदींची एक वही बांधली गेली. वहीला मजबूत वेष्टन हवं होतं. बांधणाऱ्याच्या हाताशी जुन्या लिखाणाचं एक चर्मपत्र होतं. त्याने ते दुमडलं, कडा आत वळवल्या, शिवलं आणि वहीवर चढवलं. ही वही पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली. २०१९ मध्ये त्या वेष्टनावरच्या मजकुराकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं.

अक्षरं तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावरची होती आणि भाषा जुनी फ्रेंच. काही अक्षरं लाल-निळ्या रंगात नटवलेली होती. आधी ती गवेन या सरदाराची कथा वाटली. नीट वाचल्यावर कळलं की हा आर्थर राजा आणि मर्लिन जादूगाराच्या फ्रेंच कथाचक्राचा भाग आहे. त्यात दोन प्रसंग आहेत. एकात गवेन, त्याचे भाऊ आणि वडील सॅक्सन राजांशी लढतात. दुसऱ्यात मर्लिन वीणेसारखं तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या वेषात आर्थरच्या दरबारात येतो. या कथेच्या जगभरात चाळीसपेक्षाही कमी हस्तलिखित प्रती उरल्या आहेत. सगळ्या हाताने उतरवलेल्या, त्यामुळे प्रत्येकीत काही ना काही वेगळं. या पानावर एका सॅक्सन राजाचं नाव ‘डोडालिस’ऐवजी ‘डोरिलास’ असं पडलं आहे. नकलकाराची एवढीशी चूक अभ्यासकांना फार मोलाची असते, कारण तिचा माग काढत गेलं की ही प्रत कोणत्या घराण्यातल्या प्रतींच्या जवळची आहे, हे ठरवता येतं.

ग्रंथालयाने ते पान सोडवलं नाही. शिवण तशीच ठेवली, घड्या तशाच ठेवल्या. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेतली, वैद्यकीय तपासणीत वापरतात तसं सीटी स्कॅनिंग केलं, घड्यांच्या आत आरसे आणि लोलक सरकवून मजकूर टिपला आणि सगळे तुकडे संगणकावर जुळवून पान तिथे ‘उलगडलं’. २०२५ च्या मार्चमध्ये हे काम जगापुढे आलं. बहुतेक बातम्या मर्लिनवर थांबल्या. मला मात्र ते पान न सोडवण्याचा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. तो का, हे कळण्यासाठी आधी अशी पानं पुठ्ठ्यांत गेलीच कशी, ते पाहायला हवं.

मध्ययुगीन युरोपात पुस्तकं मुख्यतः चर्मपत्रावर लिहिली जात. वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, चौकटीवर ताणून बांधायचं आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याने खरवडत ताणलेलंच वाळू द्यायचं. हे कातडं जोड्याच्या चामड्यासारखं कमावलेलं नसतं. ते फिकट, कडक, दोन्ही बाजूंनी लिहिता येण्याजोगं आणि विलक्षण चिवट असतं. ते महागही होतं. गुटेनबर्गने छापलेल्या बायबलची चर्मपत्रावरची एक प्रत करायला सुमारे १७० वासरांची कातडी लागत असावीत, असा हिशेब सांगितला जातो. इतकी महाग आणि टिकाऊ वस्तू, तिच्यावरचा मजकूर नकोसा झाला म्हणून कोणी फेकत नसे.

आता बाइंडरची गरज पाहू. आपल्याकडची पारंपरिक पोथी सुट्या पानांची असते. वर-खाली फळ्या, भोवती बासन, की झालं. पानांना सुई लागतच नाही. युरोपातलं पुस्तक शिवलेलं असतं. दुमडलेले ताव एकात एक घालून जुज करायचा, त्याच्या मधल्या घडीतून दोरा ओवायचा आणि असे जुज एकापुढे एक जाड दोऱ्यांवर किंवा चामडी पट्ट्यांवर शिवत न्यायचे. जुजबंदी बांधणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. यातली कमजोर जागा म्हणजे दोरा आणि कागद जिथे भेटतात ती. पुस्तक उघडताना दोरा कागदाला कापतो. म्हणून जुजाच्या मधोमध चर्मपत्राची अरुंद पट्टी घालत, म्हणजे ताण कागदावर न येता पट्टीवर येई. कण्यावर, दोऱ्यांच्या मधल्या जागांत, आणखी पट्ट्या चिकटवत. लाकडी फळीवर चामडं ओढून कडा आत दुमडल्या की त्या ओबडधोबड कडा झाकायला आतून एक अख्खं पान खळीने चिकटवत. ही झाली पुस्ती. आणि स्वस्तातली बांधणी असेल, तर लिहिलेलं पान थेट बाहेरचं वेष्टन म्हणूनच वापरत. हंटिंगफील्डची वही तशीच.

एका पुस्तकाच्या बांधणीत असे तीन-चार प्रकारचे तुकडे असू शकतात, आणि ते तीन-चार वेगवेगळ्या हस्तलिखितांचे असू शकतात. कुठे बोटभर रुंदीची पट्टी, जिच्यावर प्रत्येक ओळीची पाचसहा अक्षरंच उरली आहेत. कुठे स्तोत्रसंग्रहाचं अख्खं मोठं पान, स्वरलिपीसकट.

बाइंडरला हे जुनं चर्मपत्र मिळत कुठून होतं? पहिलं कारण खुद्द छपाई. पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर छापील पुस्तकं येऊ लागली, तशी विद्यापीठांत वापरली जाणारी कायद्याची, धर्मशास्त्राची, तर्कशास्त्राची हस्तलिखितं मागे पडली. छापील प्रत वाचायला सोपी, तुलनेने स्वस्त, बहुतेकदा तपासून घेतलेली. ब्रिटिश अभ्यासक नील केर यांनी ऑक्सफर्डमध्ये सोळाव्या आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या पुस्तकांच्या पुस्त्या तपासून १९५४ मध्ये त्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली. एकाच हस्तलिखिताची पानं आज वेगवेगळ्या ग्रंथालयांत असलेल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत आहेत, हे तिच्यातून दिसतं. एका हस्तलिखिताची पानं चार पुस्तकांत सापडली, तर ती चारही पुस्तकं एकाच बाइंडरच्या टेबलावरून गेली असण्याची दाट शक्यता असते. फाडलेल्या पुस्तकाने बांधणाऱ्याचा पत्ता सांगावा, असा हा शोध.

दुसरं कारण जास्त क्लेशकारक आहे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली आणि उत्तर युरोपात कॅथलिक उपासनेचे लॅटिन ग्रंथ एकाएकी निरुपयोगी ठरले. काही ठिकाणी तर ते बाळगणंही गैर ठरलं. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले. त्यांचे ग्रंथसंग्रह विखुरले. जॉन बेल हा स्वतः मठांचा कट्टर विरोधक, पण १५४९ मध्ये त्याने या नासाडीबद्दल संतापून लिहिलं आहे. लोक या ग्रंथांच्या पानांनी शमादानं घासतात, बूट पुसतात, पानं वाण्यांना आणि साबण विकणाऱ्यांना विकतात आणि समुद्रापार बाइंडरांकडे जहाजंच्या जहाजं भरून पाठवतात, असं तो म्हणतो. त्याच्या शब्दांतला राग आजही जाणवतो. मठ गेले याचं त्याला दुःख नव्हतं. पुस्तकं गेली याचं होतं.

स्वीडनमध्ये हीच गोष्ट शिस्तीने, सरकारी पातळीवर घडली. गुस्ताव वासा राजाने १५२७ नंतर चर्चची मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली. त्याच्या कारभारात गावोगावचे अंमलदार सारावसुलीचे हिशेब स्टॉकहोमला पाठवत. त्या हिशेबांना वेष्टन लागे. चर्चमधले मोठ्या आकाराचे उपासनाग्रंथ या कामाला अगदी सोयीचे होते: पान सोडवा, दुमडा, हिशेबावर चढवा, वर प्रदेशाचं नाव आणि वर्ष घाला. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी २२ हजारांहून जास्त पानं आणि तुकडे आहेत. तेव्हा स्वीडनच्या ताब्यात असलेल्या फिनलंडमध्येही हजारो आहेत. नॉर्वेतही तेच, तिथे डेन्मार्कच्या राजाचा कारभार होता. मध्ययुगीन स्कँडिनेव्हियातली चर्चमधली पुस्तकं अखंड स्वरूपात फारच थोडी उरली. तिथे कोणते ग्रंथ वाचले जात, कोणती स्तोत्रं गायली जात, इंग्लंडहून काय आलं आणि जर्मनीहून काय, याचं आपलं आजचं बरंचसं ज्ञान सारावसुलीच्या वेष्टनांतून आलेलं आहे.

आइसलंडमधला एक प्रकार बांधणीचा नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रेमकथांच्या एका हस्तलिखिताची पानं कापून बिशपच्या उंच टोपीला आतून ताठपणा यावा म्हणून वापरली गेली. वरून कापड, आत प्रेमकथा. ती पानं टोपीच्या आकारात कापलेली तशीच आज कोपनहेगनच्या संग्रहात आहेत.

इटलीतली गोष्ट मात्र वाचताना गळा दाटतो. १५५३ च्या सप्टेंबरमध्ये रोममध्ये कांपो दे फिओरी या चौकात पोपच्या अमलाखाली ताल्मुदच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाच्या, प्रती जाळल्या गेल्या. दिवस ज्यू नववर्षाचा निवडला होता. मग इटलीत ठिकठिकाणी हिब्रू ग्रंथ जप्त झाले. सगळे आगीत गेले नाहीत. चर्मपत्राला बाजारात भाव होता. मोदेना, बोलोन्या, क्रेमोना अशा शहरांत दस्तऐवज नोंदवणाऱ्या नोटरींच्या वह्यांना ही पानं वेष्टन म्हणून लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी त्या दप्तरांत पद्धतशीर शोध सुरू केला, तेव्हा हजारो हिब्रू पानं बाहेर आली: बायबल, प्रार्थना, ताल्मुद, भाष्यं, वैद्यकाचे ग्रंथ. बॅबिलोनियन ताल्मुदचं (ताल्मुदचा हाच मुख्य पाठ) जवळपास संपूर्ण असं मध्ययुगीन हस्तलिखित जगात एकच उरलं आहे, १३४२ मध्ये लिहिलेलं, आज म्युनिकमध्ये असलेलं. हे लक्षात घेतलं की दहाबारा ओळींच्या तुकड्यालाही किती किंमत येते ते कळतं. ज्यांनी तो ग्रंथ नष्ट करायचा ठरवलं, त्यांच्याच काळातल्या कारकुनी कामाने त्याची पानं चारशे वर्षं वाळवीपासून, ओलीपासून आणि पुढच्या आगींपासून जपली. त्या कारकुनांनी हे जाणूनबुजून केलं असं मात्र मानू नये. त्यांना फक्त टिकाऊ कातडं हवं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बांधणीत सापडलेला तुकडा म्हणजे हरवलेला खजिना, अशी बातम्यांची भाषा असते. बहुतेक तुकडे तसे नसतात. ते रोजच्या प्रार्थनेचे, व्याकरणाचे, कायद्याच्या क्रमिक पुस्तकांचे असतात. पण खरी किंमत तिथेच आहे. सोन्याचा मुलामा दिलेलं, राजाला भेट दिलेलं पुस्तक कोणीही सांभाळतं. शाळेतल्या मुलांनी हाताळून जीर्ण केलेलं व्याकरण कोण सांभाळणार? डोनातुसच्या लॅटिन व्याकरणाची छोटी पुस्तिका गुटेनबर्गच्या सगळ्यात जुन्या टाइपात पुन्हा पुन्हा छापली गेली. त्या आवृत्त्या आज आपल्याला माहीत आहेत त्या बांधणीतल्या तुकड्यांवरूनच. म्हणजे छापलेली पुस्तकंसुद्धा याच वाटेने गेली. १८५८ मध्ये जुन्या छपाईचे इंग्लिश अभ्यासक विल्यम ब्लेड्स यांना सेंट ऑल्बन्सच्या एका शाळेत कॅक्स्टन या पहिल्या इंग्लिश मुद्रकाचं एक पुस्तक अगदी वाईट अवस्थेत मिळालं. पाण्याने भिजून त्याचे पुठ्ठे सुटले होते. ते पुठ्ठे छापील कागद एकावर एक चिकटवून केलेले निघाले. त्यातून छापील कागदाचे ५६ अर्धे ताव मिळाले आणि कॅक्स्टनने छापलेली तीन पुस्तकं प्रथमच जगाला माहीत झाली.

अर्थात, अधूनमधून खरोखरच अनमोल काही हाती लागतं. साक्सो या डॅनिश लेखकाने इसवी सन १२०० च्या आसपास डेन्मार्कचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. हॅम्लेटची कथा सर्वांत आधी सविस्तर मिळते ती त्यातच. तो ग्रंथ १५१४ मध्ये पॅरिसला छापला गेला आणि नंतर त्याची पूर्ण हस्तलिखितं नाहीशी झाली. छपाईने ग्रंथ वाचवला आणि हस्तलिखित अनावश्यक केलं, दोन्ही एकाच वेळी. मग १८६३ मध्ये पश्चिम फ्रान्समधल्या आंजे शहरात एका पुस्तकाच्या बांधणीत चार पानं सापडली. ती साक्सोची आहेत हे फ्रेंच अभ्यासक गास्तों पारी यांनी १८७७ मध्ये ओळखलं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कने दुसरं एक हस्तलिखित देऊन ती मिळवली.

ही पानं पाहिली की हातातलं काम टाकून बघत बसावं असं वाटतं. ओळींमध्ये मुद्दाम भरपूर जागा सोडलेली आहे. त्या जागेत आणि समासात बारीक अक्षरांत पर्यायी शब्द आहेत, वाक्याची बदललेली मांडणी आहे. कोणीतरी आपलंच लिखाण घासूनपुसून घेत आहे. ही स्वतः साक्सोची कामाची प्रत असावी, असं अभ्यासकांचं मत आहे. छापील आवृत्तीतून तयार ग्रंथ कळतो. या चार पानांतून लेखक लिहिताना दिसतो.

आता वाचनाच्या अडचणीकडे वळू. पुस्तीचं पान फळीला चिकटलेलं असतं, त्यामुळे एकच बाजू दिसते. पान सुटून पडलं असेल, तर खळीबरोबर शाईही फळीवर उमटून राहिलेली असते, उलटी. ती आरशात वाचतात. शाई पुसट झाली असेल तर अतिनील प्रकाशात बऱ्याचदा उठून दिसते. मध्ययुगीन काळी शाई बहुधा मायफळ, हिराकस आणि डिंक यांची केलेली असे. हिराकशीत लोह असतं, आणि ते लोह कातड्यात मुरून बसतं.

याच लोहाचा उपयोग नेदरलँड्समध्ये लायडन आणि डेल्फ्ट इथल्या संशोधकांनी केला. कण्याच्या आतले तुकडे बाहेरून दिसत नाहीत आणि ते पाहायला बांधणी उचकटावी लागते. त्यांनी कण्यावर क्ष-किरणांचा बारीक झोत सोडला. त्याने शाईतल्या लोहासारख्या मूलद्रव्यांना चेतना मिळते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक क्ष-किरण बाहेर टाकतं. यंत्र कण्यावरून बिंदू-बिंदू पुढे सरकत ते मोजतं आणि लोह कुठे आहे त्याचा नकाशा तयार होतो. नकाशा म्हणजेच अक्षरं. वरच्या आणि खालच्या पानाची अक्षरं एकमेकांत मिसळतात, एका कण्याला कित्येक तास लागतात, त्यामुळे हजारो पुस्तकांसाठी हे अजून परवडणारं नाही. पण सोळाव्या शतकातल्या बांधणीत बाराव्या शतकातली अक्षरं अशी, पुस्तकाला सुरी न लावता, वाचली गेली आहेत.

पूर्वी सुरी सर्रास लावली जाई. एकोणिसाव्या शतकात अनेक ग्रंथपालांनी आणि संग्राहकांनी पुठ्ठ्यांतले तुकडे पाण्याने भिजवून सोडवले आणि खोक्यांत किंवा चिकटवहीत ठेवले. हेतू चांगला होता. मात्र कुठला तुकडा कुठल्या पुस्तकातून काढला, याची नोंद बऱ्याचदा राहिली नाही. आणि इथेच माझ्या मते खरं नुकसान झालं. तुकड्यावर काय लिहिलं आहे ही त्याची अर्धीच माहिती. तो कुठल्या पुस्तकात, कुठल्या बाजूला, कुठल्या गावातल्या बांधणीत होता, ही उरलेली अर्धी.

ब्रिस्टलचं उदाहरण घ्या. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात स्ट्रासबुर्गला १४९४ ते १५०२ दरम्यान छापलेल्या एका ग्रंथाचे चार खंड आहेत. त्यांत २०१९ मध्ये मर्लिनच्याच कथाचक्राचे सात तुकडे ओळखले गेले. लिखाण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, फ्रान्सच्या उत्तर भागातलं. फक्त तुकडे पाहिले असते तर ते फ्रान्समध्येच राहिले असं वाटलं असतं. पण समासात चौदाव्या शतकातल्या इंग्लिश वळणाच्या अक्षरांत दोन शब्द आहेत, आणि बांधणी इंग्लंडमधली दिसते, बहुधा ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची. म्हणजे ते हस्तलिखित लिहिल्यावर फार उशीर न होता समुद्र ओलांडून आलं, दोनशे वर्षं इंग्लंडमध्ये वाचलं गेलं किंवा नुसतं पडून राहिलं, आणि मग जर्मन छपाईच्या लॅटिन पुस्तकाच्या पुठ्ठ्यात गेलं. पुठ्ठा हाती नसता तर या प्रवासाचा शेवटचा टप्पा कळलाच नसता.

म्हणून आज बहुतेक ग्रंथालयं तुकडा जागेवरच ठेवतात. जे तुकडे पूर्वीच सुटले, त्यांना संगणकावर एकत्र आणण्याचं काम स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर विद्यापीठाच्या ‘फ्रॅगमेंटेरियम’ या प्रकल्पात चालतं. २०१७ पासून ते सगळ्यांना पाहता येतं. एका देशातलं अर्धं पान आणि दुसऱ्या देशातलं अर्धं पान पडद्यावर शेजारी ठेवून जुळतं का, ते तिथे तपासता येतं.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांना जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रमायची आवड आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातलं पुस्तक हाती आलं, तर पहिलं पान उघडण्याआधी पुठ्ठ्याची आतली बाजू पाहा. जुज जिथे शिवले आहेत तिथे मधोमध फिकट पिवळी पट्टी दिसते का, आणि तिच्यावर कापली गेलेली अक्षरं आहेत का, तेही पाहा. दिसलं तर सोडवायचा प्रयत्न करू नका, पाणी लावू नका, टोक उचलून मागे डोकावू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. पुस्तकाचं नाव, छपाईचं गाव आणि वर्ष, आणि तुकडा नेमका कुठे आहे, हे लिहून घ्या. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा विभाग असतो, त्यांना ते पाठवा. छायाचित्रातल्या चार-पाच ओळींवरून ग्रंथ ओळखणारे लोक तिथे असतात आणि अशी पत्रं ते मनापासून वाचतात.